किल्ली माझ्या कमरेला होती

इंदू, परवा शालूनं मला विचारलं, "काकी, किल्ली तुमच्याकडंच होती ना?"

मी भाकरी थापत होते. "होती," म्हटलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिनं पुढं काही विचारलं नाही, ताटं पुसत बसली. पण प्रश्न तिथं संपला नव्हता गं. किल्ली होती तर मग उघडलं का नाही, हे विचारायचं तिनं बाकी ठेवलंय, आणि आज ना उद्या ती विचारणार. तुझीच पोर ती, धरलेली गोष्ट सोडायची नाही. तिला उत्तर द्यायच्या आधी मला तुझ्याशी बोलून घेतलं पाहिजे. चौथी शिकलेली बाई मी, गावाला खुशालीचं पत्र लिहिण्यापलीकडं कधी कागदाला हात लावला नाही. आज लावते. चाळीला मी जे सांगितलंय ते तुला सांगून भागायचं नाही.

तुझं दहावं काल झालं. आमचे हे शालूला घेऊन गेले होते. भटजींनी मूळ गाव विचारलं तर हे म्हणाले, रत्नागिरीकडलं काहीतरी असेल. शालू म्हणाली, कराची. भटजी जरा घुटमळले आणि पुढचं म्हणायला लागले. घरी येऊन ह्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की पदर तोंडात कोंबून मोरीत जाऊन बसले. मेल्यावरसुद्धा तुझं गाव कुणाला धड सांगता आलं नाही.

आडनाव तुझं कोकणातलं. आजोबा कराचीच्या बंदरात कामाला गेले आणि तिथलेच झाले, हे तू हजारदा सांगितलेलं. तरी आमच्या लालबागच्या चाळीनं पहिल्या दिवसापासून तुला सिंधीण करून टाकलं. मीसुद्धा केलंच की. सात वर्षांपूर्वी शालूला हाताला धरून शीव कोळीवाड्याच्या निर्वासितांच्या बराकीतून चालत माझ्या खाणावळीच्या दारात येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, चपात्या येतात मला. मी म्हटलं, बाई, माझे बावीस गडी गिरणीत राबतात, त्यांना भाकरी लागते, चपाती काय करायची? तू पीठ ओढून घेतलंस आणि मळायला बसलीस. दुसऱ्या आठवड्यात गडी भाकरीकडं बघेनात. माझ्याच खाणावळीत माझी भाकरी शिळी झाली, आणि वर तू मला म्हणायचीस, वयनी, तुमचं वरण मात्र फर्मास. मेली लबाड होतीस तू. मला फार आवडायचीस, पण हे तोंडानं बोलायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून राहूनच गेलं.

मग शेजारची खोली रिकामी झाली, ह्यांनी मालकाकडं शब्द टाकला आणि तू बराक सोडून इथं आलीस. नवी खोली मिळाली की बाईमाणूस आधी फळी ठोकते, डबे लावते. तू डबे लावलेच नाहीस. दोन वर्षं तुझं सामान ट्रंकेत होतं, लागेल ते काढायचं आणि परत आत ठेवायचं. मी एकदा चिडून माझ्या हातानं फळी ठोकून दिली. त्यावर तू डबे लावलेस खरे, पण ट्रंक दाराशीच राहिली.

भांडलो किती आपण. कराचीचे रस्ते रोज पाण्यानं धुवायचे, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मोर्चाला चल म्हटलं की तुझं काहीतरी निघायचंच. मुंबईसाठी माणसं गोळ्या खात होती. मी सत्याग्रहींना भाकऱ्या बांधून देत होते. आणि तू मात्र त्या दिवसांत दार लावून घेऊन शालूला दप्तराऐवजी कपड्यांची पिशवी भरायला शिकवत होतीस. मला संताप आला. म्हटलं, इंदू, मुंबई आपली आहे, आपण नाही उभं राहायचं तर कुणी? तू शांतपणे म्हणालीस, "कराचीपण आपलीच होती की, वयनी." आणि मी, माझी जीभ झडो, म्हटलं, मग जा की कराचीला.

तू उठून गेलीस. दुसऱ्या दिवशी पहाटे रोजच्यासारखी येऊन पीठ मळायला बसलीस. मी माफी मागितली नाही. गुळाचा खडा हातावर ठेवला, तू तो शालूला दिलास. तो विषय आपण परत कधी काढला नाही. पण तुझं म्हणणं मी मनात घोळवत असायचे. कधीतरी निवांत बसून म्हणणार होते की बाई, तू कुठली ते मला ठाऊक आहे, तू माझ्या खाणावळीची आहेस.

आणि मग हा ताप आला.

बोटीनं आला म्हणतात. गिरण्यांत खातीच्या खाती ओस पडली. माझे निम्मे गडी ओळीनं चटयांवर पडलेले, कुणाला शुद्ध तर कुणाला नाही. मी काढ्याचं पातेलं चुलीवरून उतरवतच नव्हते. चाळीत कुणीतरी म्हणालं, बाहेरून येणाऱ्यांनीच आणला हा रोग. तू ते ऐकलंस. तेव्हा हसून मला म्हणालीस, बोटीनं तर मीपण आले होते. मीही हसले. त्या रविवारी तू शीव कोळीवाड्याला बराकीतल्या बायकांना भेटून आलीस आणि आल्यावर तुझ्या हातातलं पीठ सैल व्हायला लागलं. तिथं घरोघर ताप होता आणि घरोघर ट्रंका बांधलेल्या. एक म्हातारा बाबा अंगात ताप असताना कोट चढवून, बूट घालून सकाळपासून ट्रंकेवर बसला होता. आडवा होईना. आजारी दिसलो तर ट्रकमध्ये घालून नेतील, घरच्यांपासून तोडतील, असं म्हणत होता. बायका गालाला हळद-कुंकू चोळून तजेला आणत होत्या. मला ते ऐकून हसू आलं. म्हटलं, अगो, फ्लू आहे तो, चार दिवसांत उतरतो, कोण कशाला कुणाला उचलून नेतंय?

तेव्हा तू मला तुझ्या नवऱ्याचं सांगितलंस. सात वर्षांत पहिल्यांदा. बोटीवरून उतरताना त्यांच्या अंगात ताप होता. रांगेतून बाजूला काढलं, गाडीत घातलं, कुठल्याशा इस्पितळात नेलं. तुला आणि शालूला छावणीत पाठवलं. तू रोज विचारत होतीस, आज भेटू देता का, उद्या भेटू देता का. ते गेल्याचं नऊ दिवसांनी कळलं. तू हे सांगताना चपाती लाटतच होतीस. मी म्हटलं, इथं तसं काही नाही व्हायचं.

सोमवारी चाळीच्या मंडळाची पोरं वही घेऊन फिरायला लागली. कुठल्या खोलीत किती आजारी, एवढंच लिहून घ्यायची. संध्याकाळी नाक्यावरचे डॉक्टर त्या वहीतल्या खोल्या बघून येऊन जायचे, गोळ्या द्यायचे, छाती तपासायचे. बघ, इंदू, त्या वहीत ज्यांची नावं लागली ते सगळे बरे झाले. पण तुला वही दिसली आणि तुझ्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. आधी यादी होते, वयनी, मग माणसं उठवतात, असं तू म्हणालीस. कराचीला तुमच्या गल्लीत कुठली घरं कुणाची ते आधी असंच कुणीतरी लिहून नेलं होतं.

मंगळवारी सकाळी तू आली नाहीस. मी तुझ्या खोलीत डोकावले तर तू भिंतीला टेकून बसलेली, दात वाजत होते. अंगाला हात लावला तर चटका बसला. म्हटलं, थांब, पोरांना सांगते. तू माझा हात असा धरलास की माझी बांगडी वाढली. कुलूप माझ्या हातात ठेवलंस, किल्ली ठेवलीस, आणि म्हणालीस, बाहेरून लावा. कुणी विचारलं तर सांगा, इंदू शालूला घेऊन गिरगावात नात्यातल्यांकडं गेलीय.

मला वाटलं, तापात बरळतेय. तर तू मला नीट समजावून सांगितलंस, जसं काही गिरणीतलं नवं काम शिकवावं. कराचीत दंगल झाली तेव्हा शेजारच्या हाजरानं तुमच्या घराला बाहेरून कुलूप घातलं होतं आणि स्वतः तुमच्या पायरीवर भाजी निवडत बसली होती. आलेल्यांना म्हणाली, हे लोक कधीच गेले. तीन दिवस तुम्ही आत श्वास धरून बसलात आणि वाचलात. हाजराला तू अदी म्हणायचीस, म्हणजे तुमच्याकडं ताई. मग तू म्हणालीस, "वयनी, तुम्ही माझ्या हाजरा अदी व्हा. शालूची शपथ आहे तुम्हाला."

आता माणसानं काय करावं? कुणी एवढा विश्वास टाकला की अक्कल गहाण पडते. मी कुलूप घातलं. किल्ली कनवटीला खोचली आणि तुझ्या दाराशी तांदूळ निवडत बसले. अगदी त्या हाजरासारखी. वहीवाली पोरं आली, मी म्हटलं, गिरगावात गेलीय. पोरं पुढं गेली. मला मोठं शूर वाटलं, इंदू. गोळीबाराच्या दिवसांतसुद्धा वाटलं नव्हतं तेवढं.

दुपारी दोनला गडी पाळीवर गेले की गॅलरी मोकळी असते. तेवढ्यात मी उघडायचे आणि तांदळाची पेज आत द्यायचे. खिडकी बंद, कौलं तापलेली, आत घासलेटाचा आणि बामाचा वास कोंडलेला. पाच मिनिटं उभी राहिले तर मलाच घेरी आली. शालू तुझ्या उशाशी बसलेली, कुजबुजत बोलायची. बुधवारी तू बसून पेज प्यालीस. माझी चेष्टाही केलीस, म्हणालीस, चपात्या कोण लाटतंय, गड्यांचे दात शाबूत आहेत ना? मी खुश होऊन बाहेर आले आणि परत कुलूप घातलं. तुम्हा दोघींना आत टाकून मी बाहेरून कुलूप घालत होते. कोंबडी झाकतात तसं ते वाटलं मला. पण घातलं.

गुरुवारी मी उघडलं नाही. शुक्रवारी उघडलं तेव्हा तुझे ओठ निळे झाले होते आणि छातीत घरघर लागली होती. मी ओरडले, चाळ गोळा झाली, डॉक्टर धावत आले. फुप्फुसं भरलीत म्हणाले. कालच बोलवायला हवं होतं, असंही म्हणाले. तुला उचलून न्यायला गाडी आली तेव्हा तू डोळे उघडून गाडीकडं बघितलंस आणि माझ्याकडं बघितलंस. मी शालूला तुझ्या शेजारी चढवलं, स्वतःही चढले. कुणी कुणाला तोडलं नाही, इंदू. पोर शेवटपर्यंत तुझ्याजवळ होती. एवढं तरी तुला कळलं असेल ना?

चाळ मला बोल लावत नाही. सगळे म्हणतात, वहिनी तरी काय करणार, बाईनं पोरीची शपथ घातलेली. मी मान हलवते. अकरा दिवस मान हलवतेय. पण गुरुवारचं काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही.

गुरुवारी दोन वाजता मी पेज घेऊन तुझ्या दाराशी आले होते. किल्ली हातात घेतली होती. तेवढ्यात जिन्यावरून माझ्या गड्यांतला गणपत वर आला. तो सकाळच्या पाळीवरून लवकर सुटलेला. म्हणाला, वहिनी, पेज कुणाला? मी म्हटलं, कुणाला काय, मलाच. तो तिथंच कठड्याला टेकून विडी ओढत उभा राहिला. त्याला मी जा म्हणू शकले असते. त्याच्यासमोर उघडूही शकले असते, गणपत काही राक्षस नव्हे. पण माझ्या मनात काय आलं सांगू? आलं ते हे की चपात्या लाटणारीच तापानं आडवी आहे हे गड्यांना कळलं तर उद्यापासून माझ्या खाणावळीत कुणी पान मांडणार नाही. आधीच निम्मे आजारी, बाकीचे समोरच्या खाणावळीत जातील. शपथ मला तेव्हा आठवलीसुद्धा नाही. मी दाराला कान लावला. आत काही आवाज नव्हता. म्हटलं, झोप लागलीय, उतार पडला असेल, आता उगाच कशाला उठवा. आणि मागं फिरले. पेज मोरीत ओतली.

त्या हाजरानं तुला वाचवायला कुलूप घातलं होतं. मी मंगळवारी तुझ्यासाठी घातलं आणि गुरुवारी माझ्यासाठी ठेवलं. तू मला अदी म्हणालीस आणि मी हे केलं. शिव्या दे मला. बावीस गड्यांपैकी आज एकोणीस जेवायला येतात. खाणावळ चालू आहे, आणि चपात्या तुझ्यासारख्या होत नाहीत म्हणून ते रोज कुरकुरतात.

इथवर काल लिहिलं आणि ठरवलं की शालूला सगळं सांगायचं. शपथेचं पांघरूण घ्यायचं नाही. ती माझ्याकडं राहो की आणखी कुठं जावो, तिनं माझ्याबद्दल काय वाटून घ्यायचं ते खरं कळल्यावर वाटून घ्यावं.

आज दुपारी गडी गेल्यावर तिच्यासमोर बसले. ती तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. गुरुवारी दारापर्यंत आले होते, किल्ली हातात होती, गणपत उभा होता, खाणावळ बुडेल म्हणून मी मागं फिरले. आईच्या शपथेचा त्यात काही संबंध नव्हता. एका दमात बोलले आणि मग ती काय म्हणते ह्याची वाट बघत राहिले.

तिचे हात सुपात तसेच राहिले. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे ती पावलं तुमचीच होती."

मला कळेना. ती खाली बघत बोलायला लागली. दाराशी कुणीतरी आलेलं तिला ऐकू आलं होतं. पाठोपाठ पुरुषाचा आवाज आला, म्हणून तिला वाटलं वहीवाले आलेत. तेवढ्यात तुझ्या छातीत खोकल्याची उबळ दाटून आली. शालूनं तुझ्या तोंडावर पदर दाबला. दोन्ही हातांनी. तू तिचे हात काढायला बघत होतीस, तरी तिनं दाबून धरले. पावलं गेली तेव्हा सोडले. माणसं गेली, आपण वाचलो, असं तिनं तुझ्या कानात सांगितलं. त्यानंतर तू बोलली नाहीस.

इंदू, ही पोर किल्लीचं का विचारत होती ते मला तेव्हा समजलं. मी आपली समजत होते की ती मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतेय. ती बारा वर्षांची पोर इतके दिवस स्वतः त्यात एकटी उभी होती, माझ्याच घरात, माझ्याच ताटात जेवत.

मग तिनं वर बघितलं. तुझे डोळे. "काकी, खोकला ऐकला असता तर तुम्ही उघडलं असतं?"

तुला सांगते, मी उघडलं असतं. गणपत असता, सगळी गिरणी जिन्यात उभी असती, तरी तुझा तो खोकला ऐकून मला मागं फिरता आलं नसतं. निदान असं मला वाटतं, आणि ह्यापुढं मरेपर्यंत वाटत राहील. खरं बोलायचं ठरवूनच बसले होते मी तिच्यापुढं.

म्हटलं, "नाही गं बाय. तरी नसतं उघडलं."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. पटलं की नाही देव जाणे. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली. तू गेल्यापासून ती रडलीच नव्हती. आधी बारीक आवाजात, ओठ मिटून, तू शिकवलंस तशी. मग तो आवाज तिला आवरेना. शेजारपाजारच्या बायका दाराशी आल्या, गॅलरीतली माणसं थांबली, कुणीतरी म्हणालं, वहिनी, पोरीला जरा गप्प करा.

मी तिला गप्प केलं नाही.